आकाशातून दिसणारी धूळ आणि आपल्या बांधावरचा धूर

आज हातात मोबाईल असेल तर उत्तम. एपिसोड ऐकता ऐकता आपण एक चित्र उघडणार आहोत.

ब्राउझरमध्ये ‘नासा वर्ल्डव्ह्यू’ शोधा. फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही. तारीख टाका 22 जानेवारी 2022, आणि नकाशा कराचीपासून गुजरात किनाऱ्यापर्यंत सरकवा. निळ्या समुद्रावर मातकट पट्टा दिसतो का? ती धूळ आहे. आता तारीख एक दिवस पुढं करा.

आठवत असेल बघा, 23 जानेवारीच्या त्या रविवारी मुंबई-पुण्याकडं भर दिवसा सगळं धुरकट झालं होतं. गाड्यांवर पांढरट पूड बसली होती. लोक विचारत होते, हे धुकं का प्रदूषण? ती धूळ पाकिस्तानातून आली होती. पश्चिमी विक्षोभामुळं तिकडं जोराचं वारं सुटलं, कोरडी माती उचलली गेली आणि अरबी समुद्रावरून थेट महाराष्ट्रात आली. जमिनीवरच्या माणसाला नुसतं मळकट आभाळ दिसत होतं. ते आलं कुठून, हे वरून दिसलं.

पण एक अडचण आहे. गडद समुद्रावर धूळ उठून दिसते. आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात शेतं उघडी पडलेली असतात. मातीच्या रंगावर मातीच्याच रंगाची धूळ, साध्या फोटोत दिसणार कशी? म्हणून उपग्रह डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही मोजतो. त्या किरणांच्या दोन जवळजवळच्या पट्ट्यांत धूळ एक सही सोडते आणि ढग वेगळी. दोन्हींची वजाबाकी केली की धूळ ओळखू येते, रात्रीसुद्धा. आपले इन्सॅट 3डीआर आणि 2024 मध्ये सोडलेला इन्सॅट 3डीएस हे उपग्रह 36 हजार किलोमीटरवरून सारखे आपल्याच भागाकडं बघत असतात. त्यामुळं धूळ सरकताना दिसते.

आता आगीकडं येऊ. किनवटच्या सागाच्या जंगलात फेब्रुवारीपासून पानगळीचा थर साचतो आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. उपग्रहाला आगीची उष्णता दिसते. ही माहिती हैदराबादजवळच्या शादनगर केंद्रात उतरते, तिथून डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडं जाते, आणि नोंदणी केलेल्यांच्या मोबाईलवर संदेश येतो. म्हणजे जंगलात रेंज नसलेल्या कोपऱ्यात आग लागली, तरी वनरक्षकाला ठिकाण कळू शकतं.

तुम्हाला स्वतःला बघायचं तर नासाचं ‘फर्म्स’ उघडा. मुखेड शोधा. उन्हाळ्यात लाल ठिपके दिसतील. धसकटं, पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचं पाचट, बांधावरचं गवत, पेरणीआधी बरंच काही पेटवलं जातं.

आणि इथंच सांभाळा. ठिपक्याचा स्क्रीनशॉट काढून ‘आपल्या तालुक्यात वणवा’ असं ग्रुपवर टाकायची घाई करू नका. व्हीआयआरएस या उपकरणाचा एक चौकोन साधारण 375 मीटरचा असतो. हिशोब केला तर जवळपास 35 एकर. आपल्याकडं तेवढ्यात दहा-पंधरा जणांची शेतं येतात की! ठिपका एवढंच सांगतो की या चौकोनात कुठंतरी काहीतरी खूप तापलंय. कोणाच्या शेतात, किती जळालं, कोणी पेटवलं, हे तो सांगत नाही. वीटभट्टीसुद्धा ठिपका होऊ शकते. नुसत्या ठिपक्यावरून शेजाऱ्याकडं बोट दाखवलं, तर भांडण मात्र खरंखुरं लागेल.

उलटंही खरं आहे. ठिपका नाही म्हणजे आग नाही, असं नसतं. हे उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात. चारला पेटवून सहाला विझलं, तर नोंदच नाही. 2024 मध्ये नासाचे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी दाखवलं, की पंजाब-हरियाणाकडं उपग्रह गेल्यानंतर दुपारी उशिरा काड जाळलं जातंय. हे कळलं कसं? कोरियाच्या एका उपग्रहामुळं. तो इन्सॅटसारखाच एका जागी राहून दिवसभर बघतो.

आणखी एक मर्यादा. उपग्रह वरपासून खालपर्यंतचा सगळा धूर एकत्र बघतो. तो दोन किलोमीटर उंचावर आहे का तुमच्या ओसरीत, हे त्या चित्रावरून पक्कं कळत नाही. ढग आले तर खालचं झाकलंच. आजीला दम लागतोय, डोळे चुरचुरतायत, ही नोंद घरातच होते. हवा मोजायची यंत्रं बहुतेक शहरांत आहेत. खेड्यात उपग्रहाचं चित्र आणि आपलं नाक, दोन्ही लागतात.

तर या आठवड्याचं काम. सलग सात दिवस आपल्या तालुक्याचे ठिपके बघा. वारं कोणत्या दिशेचं आहे, संध्याकाळी वास येतो का, वहीत लिहा. धूर कोणत्या वेळी गावात उतरतो हे कळलं, तर त्या वेळी म्हाताऱ्यांना आणि लेकरांना आत ठेवता येईल. आणि घरचं पाचट किंवा काडीकचरा असेल, तर जाळण्याआधी कुजवण्याचा विषय एकदा वडिलांपुढं काढून बघा. सेंद्रिय कर्ब जळून गेला की परत आणायला वर्षं लागतात, हे त्यांनाही माहीत असतं.

काय दिसलं ते व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!