पिशवी आणि खुंटी

आज मी आपणांपुढें एका अगदीं साध्या वस्तूविषयीं बोलणार आहें. ती वस्तू म्हणजे बाजारांत न्यावयाची कापडी पिशवी.

आमच्या लहानपणीं वडील मंडईंत निघाले कीं दारामागच्या खुंटीवरची पिशवी बरोबर घेत. पुढें दुकानदार प्लॅस्टिकची पिशवी फुकट देऊं लागले आणि ती खुंटी रिकामी झाली. या फुकटाची किंमत २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस कळली. सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसापुढें कोणतेंही शहर हतबल झालें असतें हें खरें. परंतु गटारांत अडकलेल्या पिशव्यांनीं पाण्याची वाट अधिकच रोखली. जून २०१८ पासून महाराष्ट्रांत अशा पिशव्यांवरील बंदी अमलांत आली.

त्या वेळीं माझ्या हातून एक चूक झाली. पिशवी घरीं विसरावयाची आणि दुकानांत नवी कापडी विकत घ्यावयाची, असा माझा क्रम सुरू झाला. वर्षअखेर आमच्या मंडळींनीं कपाटांतून तशा २३ पिशव्या काढून माझ्यापुढें मांडल्या! गृहपाठाची वही विसरणाऱ्या मुलांवर जन्मभर रागावलेला मी. मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें वाचनांत आलें कीं, इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानें २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, हवामान तापविण्यापुरतें पाहिलें तर नवी सुती पिशवी १३१ वेळां वापरावी, तेव्हां ती एकदां वापरून टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीस येते. कापूस पिकविण्यास व विणण्यास पाणी आणि इंधन लागतेंच. सारांश, माझ्या कपाटांत पुण्य नव्हे, कर्ज सांठलें होतें.

म्हणून पिशवी घरींच, जुन्या चादरीची किंवा पडद्याची शिवावी. ३८ इंच लांब व १६ इंच रुंद तुकडा घ्यावा. दोन्ही टोकें इंचभर दुमडून शिवावीं व मधोमध घडी घालावी. बाजूच्या कडांस प्रथम सुलट बाजूनें बारीक शिवण घालावी. मग पिशवी उलटून आंतून दुसरी घालावी. त्यामुळें सुटे धागे शिवणीच्या पोटांत राहतात आणि वारंवार धुतली तरी ती उसवत नाहीं. बंदांसाठीं २४ इंच लांब व ४ इंच रुंद अशा दोन पट्ट्या चौपदरी कराव्या. बंद जोडतांना चौकोन शिवून त्यांत फुली घालावी. कारण पिशवी बहुधा बंदापाशींच फाटते. यंत्र नसल्यास हातानें उलटी टीप घालावी. नुसता धांवदोरा बटाट्यांचा भार सोसत नाहीं.

परंतु शिवलेली पिशवी घरींच राहिली तर सारें व्यर्थ. आतां आमच्या दारामागें पुन्हां खुंटी आहे. तिच्यावर दोनच पिशव्या असतात, एक जुन्या पडद्याची व एक त्या तेविसांतली. बाकीच्या गरजूंस वांटल्या. भाजी ओतली कीं पिशवी लगेच खुंटीवर जाते. परवां मंडळींनीं विचारलें, "एकशें एकतिसावी खेप कधीं?" मी म्हटलें, "मोजणें सोडलें, विसरणेंही सोडलें." आपल्या दारामागेंही अशी एक खुंटी असावी, एवढीच विनंती.