दुधाची साय आणि हाताच्या भेगा



दिवाळी सरली, थंडी पडू लागली, की आपल्या चुडावा भागात कापूस वेचणाऱ्या बायांचे हात पाहावेत. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरबाडलेली, ओठ उललेले, टाचांना भेगा. मागच्या हिवाळ्यात एका वाड्यावर बैठक होती. एक मावशी बोटांवर साय चोळत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "साहेब, बाजारच्या डबीपेक्षा हीच बरी." मी म्हटलं, मावशी, तुमचं निम्मं बरोबर आहे. आज त्या दोन्ही निम्म्यांबद्दल बोलतो.

आधी बरोबर असलेलं निम्मं. नुसतं दूध म्हणजे बहुतांशी पाणी. म्हशीच्या दुधात स्निग्धांश शेकडा 6 ते 7, गाईच्या दुधात 4 च्या आसपास. तो वर येऊन सायीत साठतो, म्हणून कोरड्या कातडीला गुण येतो तो सायीनं. आंघोळीनंतर अंग जरा ओलसर असताना साय चोळावी म्हणजे ओलावा आत टिकतो. अर्ध्या-पाऊण तासानं कोमट पाण्यानं धुवावी. नाहीतर वास येतो आणि मुंग्या अंथरुणापर्यंत येतात. दिवाळीला आपण उटणं दुधात कालवतो, बाळाला साय आणि डाळीचं पीठ लावतो, ते याच कारणानं.

टाचांसाठी मात्र आंबट दही किंवा ताक चांगलं. दूध आंबताना त्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि ते निबर कातडी मऊ करतं. दहा मिनिटं लावून पाय धुवावेत, कोरडे करावेत, वर खोबरेल लावावं. भेगेतून रक्त येत असेल तर दही लावू नये, झोंबेल. दुधानं रंग उजळतो म्हणतात, त्यावर मात्र विश्वास ठेवू नका. पाव लिटर दूध तोंडाला फासण्यापेक्षा लेकराला पाजलेलं बरं.

आता दुसरं निम्मं. त्या मावशींची साय कच्च्या, न तापवलेल्या दुधाची होती आणि बोटाला ओली चीर होती. जनावरांना संसर्गजन्य गर्भपाताचा रोग असतो, त्याला ब्रुसेलोसिस म्हणतात. गाय-म्हैस बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, पुढं ती दिसायला धडधाकट असते, पण तिच्या दुधातून जंतू येऊ शकतात. ते कच्च्या दुधातून पोटात जातात, तसेच फुटलेल्या कातडीतूनही शिरतात. मग माणसाला ताप येतो, जातो, पुन्हा येतो. रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात. लोक हिवताप समजून महिनोन् महिने अंगावर काढतात. असा ताप असेल तर डॉक्टरांना "घरी जनावरं आहेत, एक गाभडलं होतं" हे आपणहून सांगा.

म्हणून दूध चांगली उकळी येईपर्यंत तापवावं आणि त्याचीच साय घ्यावी. ओल्या जखमेवर, चिघळलेल्या भेगेवर तीही नको. भाजलं तर साय लावू नका, वीस मिनिटं गार पाणी ओता. फवारणीचं औषध अंगावर उडालं तर साबण आणि भरपूर पाणी. तेलकट काही चोळू नका, आणि औषध पोटात गेलं म्हणून दूध पाजू नका. थेट दवाखाना गाठा, औषधाची बाटली नाहीतर तिच्यावरचं लेबल सोबत न्या.

धारेला बसण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. पुष्कळ जण बोटं दुधात बुडवून सड ओढतात. त्यानं सडाला भेगा पडतात, आपल्या हाताची घाण कासेत जाते, आणि हाताला चीर असेल तर तिकडचं इकडेही येतं. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातानं धरू नका. हातमोजे घाला, ती चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना देऊ नका.

कालवडी आणि वगारी चार ते आठ महिन्यांच्या असतानाच या रोगाची लस टोचायची असते, आयुष्यात एकदाच. 2019 पासून केंद्र सरकारच्या जनावरांच्या रोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस आहे. नरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत. तेव्हा गोठ्यातल्या वासरांची वयं मोजून ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद करा.