निरोपाबरोबर येणारा चोर
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



 अशा प्रसंगी ज्ञातीचा पूर्वेतिहास, विद्यार्थ्यांचा गुणगौरव किंवा अनिष्ट रूढींचे निर्मूलन या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. माझा आजचा विषय मात्र वरवर पाहता या व्यासपीठाला साजेसा वाटणार नाही. मोबाइल फोनवरील संदेशांतून पसरणारे घातक प्रोग्राम आणि ते आले असता आपण माणसे कशी वागतो, हा तो विषय होय. मी यंत्रविद्येचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर मुलांना धडे देणारा एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. परंतु या विषयात यंत्राचा भाग थोडा आणि मनुष्यस्वभावाचा भाग फार, असे माझे मत बनले आहे. आणि मनुष्यस्वभावाशी शिक्षकाचा रोजचा संबंध असतो.

हा विषय ज्ञातिसंस्थेपुढेच का मांडावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. पूर्वीचा चोर भिंतीला भोक पाडून येत असे. हा नवा चोर नात्यागोत्याच्या वाटेने येतो. मामाच्या फोनवरून भाच्याकडे, भाच्याकडून त्याच्या सासुरवाडीस, तेथून वधूवर मंडळाच्या ग्रुपवर, असा त्याचा प्रवास होतो. जेथे माणसे एकमेकांस ओळखतात आणि एकमेकांवर विश्वास ठेवतात, तेथेच त्याला मोकळे रान मिळते. आपली ज्ञाती म्हणजे असा विश्वासाचा गोतावळाच आहे. तेव्हा हे संकट कोणा परक्याचे नसून आपल्या अंगणातले आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. फोनमध्ये किंवा संगणकात आपण जी कामे करतो, ती करणाऱ्या आज्ञांच्या संचास प्रोग्राम म्हणतात. जो प्रोग्राम मालकाच्या नकळत त्याचे नुकसान करण्यासाठी लिहिलेला असतो, तो घातक प्रोग्राम होय. साधा मजकूर वाचल्याने सहसा काही बिघडत नाही. मजकुरासोबत एखादी लिंक किंवा फाइल असते, आणि ती उघडणारा हात आपला असतो. या नियमाला अपवाद आहेत, हे मी नाकारीत नाही. २०१९ साली व्हॉट्सॲपच्या कॉलमधील एका उणिवेचा फायदा घेऊन पेगासस नावाचे हेरगिरीचे साधन जगातील सुमारे १४०० लोकांच्या फोनांवर सोडण्यात आले, आणि त्यासाठी त्या लोकांनी काही उघडण्याचीही गरज नव्हती. परंतु ती निवडक व्यक्तींवर केलेली खर्चिक हेरगिरी होती. तुमच्याआमच्या घरी जो चोर येतो, त्याला दार आपणच उघडून देतो.

हा प्रकार नवाही नाही. दिनांक ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघालेला एक ईमेल जगभर पसरला. वर शीर्षक होते ‘आय लव्ह यू’, आणि सोबत प्रेमपत्राच्या नावाची फाइल होती. तिच्या नावात साध्या मजकुराची खूण दिसे. खरे शेवटचे अक्षरसमूह मात्र संगणक झाकून ठेवीत असे, आणि ती फाइल म्हणजे प्रत्यक्षात प्रोग्राम होता. ती उघडताच तो प्रोग्राम त्या माणसाच्या वहीतील साऱ्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती धाडी. गप्पा मारण्याच्या त्या वेळच्या आयआरसी नावाच्या सोयीतूनही तो पसरत असे. ब्रिटिश पार्लमेंटलाही आपली ईमेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. मनिला येथील ज्या तरुणावर संशय आला, त्याच्यावर खटला चालू शकला नाही, कारण तशा गुन्ह्यास लागू होईल असा कायदाच त्या देशात तेव्हा नव्हता.

पुढे तात्काळ संदेशांची साधने आली, तशी चोरानेही वाट बदलली. एप्रिल २००५ मध्ये केल्व्हिर नावाच्या प्रोग्राममुळे रॉयटर्स या जगप्रसिद्ध वृत्तसंस्थेला आपली संदेशसेवा बंद करावी लागली. २०१२ साली स्काइपवर ‘हे तुझे नवे छायाचित्र आहे का?’ अशा अर्थाचा एक प्रश्न मित्रांच्या नावाने हिंडू लागला, आणि त्याच्या पाठीमागे असाच सापळा होता. प्रेमपत्र, छायाचित्र, लग्नपत्रिका! काळानुसार वेष बदलला, परंतु आतला चोर तोच राहिला. माणसाच्या जिव्हाळ्याची वस्तू कोणती, हे त्याला नेमके ठाऊक असते.

आज आपल्या प्रांतात जो प्रकार चालला आहे, तो लग्नपत्रिकेचा. ‘लग्नाला अवश्य यावे’ असा संदेश येतो आणि खाली पत्रिका म्हणून एक फाइल असते. कधी ती वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून येते, कधी बँकेची सूचना म्हणून, तर कधी सरकारी योजनेचा अर्ज म्हणून. तिच्या नावाचा शेवट ‘एपीके’ या तीन अक्षरांनी होतो. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसविण्याची फाइल. ती उघडू जाता फोन स्वतःच आपणांस विचारतो, की अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप बसवावयाचे काय? आपण घाईने होय म्हणतो. मग ते ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. तीही आपण देतो. येथे घराची किल्ली चोराच्या हाती गेली. बँकेकडून येणारा ओटीपी तो आपल्या आधी वाचतो, खात्यातील रक्कम काढून घेतो, आणि कित्येकदा तीच पत्रिका आपल्या नावाने आपल्या साऱ्या आप्तेष्टांस धाडून देतो. २०२५ साली हिंगोली जिल्ह्यातील एका शासकीय कर्मचाऱ्याच्या खात्यातून अशाच एका निमंत्रणापायी सुमारे १,९०,००० रुपये गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते.

यावर ओळखण्याची एक सोपी खूण मी आपणांस सांगतो. पत्रिका ही वाचावयाची वस्तू आहे. ती फोनमध्ये बसवावी लागत नाही. ज्या क्षणी पत्रिका ‘मला बसवा’ असे म्हणू लागेल, त्या क्षणी ती पत्रिका नव्हे असे समजावे. तसेच व्हॉट्सॲपचे संदेश २०१६ पासून गुप्तलिपीत बंद करून पाठविले जातात, म्हणून ते सुरक्षित आहेत, असा एक समज आहे. वाटेत ते कोणी वाचू शकत नाही, हे खरे. परंतु लखोटा मोहोरबंद आहे, एवढ्यावरून आत विष नाही असे सिद्ध होत नाही.

आता मी विषयाच्या उत्तरार्धाकडे, म्हणजे आपल्या वागण्याकडे वळतो. असा संदेश आला असता निरनिराळी माणसे निरनिराळ्या तऱ्हेने वागतात.

पहिला वर्ग विश्वासू माणसांचा. ‘अमक्याने पाठविले आहे, म्हणजे बरोबरच असणार,’ असे ते म्हणतात. त्यांना मूर्ख म्हणण्याची चाल पडली आहे, ती मला मान्य नाही. आप्तावर विश्वास ठेवणे हा दोष नव्हे. परंतु फोन पाठवितो आणि माणूस पाठवितो, या दोन गोष्टींत अंतर आहे, एवढे त्यांनी ध्यानी घ्यावे.

दुसरा वर्ग सावध माणसांचा. ते उघडण्यापूर्वी पाठविणाऱ्याला उलट विचारतात. ही चांगली सवय आहे. पण कोठे विचारावे यालाही महत्त्व आहे. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेतील एओएल या कंपनीच्या संदेशसेवेवर असा एक प्रोग्राम पसरला, की कोणी शंका घेऊन उलट संदेश पाठविला, तर तो प्रोग्रामच मित्राच्या वतीने हसत उत्तर देई आणि हा व्हायरस नव्हे अशी खात्री देऊ पाही! चोरालाच ‘तू चोर आहेस का?’ असे विचारून काय उपयोग? म्हणून ज्या वाटेने संदेश आला त्या वाटेने शंका विचारू नये. सरळ फोन करून त्या माणसाचा आवाज ऐकावा.

तिसरा वर्ग भेदरलेल्यांचा. ‘उद्या अमुक नावाचा व्हिडिओ येईल, तो उघडताच फोन कायमचा निकामी होईल, हे सर्वांना कळवा,’ असे संदेश ते शहानिशा न करता पुढे धाडतात. ‘मार्टिनेली’ नावाच्या अशा एका व्हिडिओची आवई बरीच वर्षे फिरत आहे. ती निव्वळ अफवा आहे, हे स्पेनच्या राष्ट्रीय पोलिसांनी २०१७ सालीच जाहीर केले होते. हे लोक वाईट हेतूने वागत नाहीत. परंतु खोट्या इशाऱ्यांची सवय झाली म्हणजे खऱ्या इशाऱ्याकडे कोणी पाहत नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे.

चौथा वर्ग रागावणाऱ्यांचा. आपल्या एका सभासदाच्या फोनवरून अशी पत्रिका साऱ्या आप्तांस गेली, तेव्हा त्याच्या घरी सकाळपासून जे फोन आले, त्यांतील निम्म्यांहून अधिक त्याला दूषणे देणारे होते. एका घराने तर चालू असलेली सोयरिकीची बोलणी थांबविली. ज्याच्या घरी चोरी झाली, त्यालाच चोर ठरविण्याचा हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

आणि याच न्यायामुळे पाचवा वर्ग तयार होतो. तो गप्प बसणाऱ्यांचा. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील खरे दुखणे हेच आहे. पैसे गेले असता वृद्ध माणूस मुलाला सांगत नाही, कारण मुलगा म्हणेल, ‘तुम्हांला नको म्हटले होते ना?’ सून सासरी बोलत नाही. व्यापारी पेठेत वाच्यता करीत नाही, कारण पत जाईल. भगिनींनो आणि बंधूंनो, चोरी झाल्यानंतरचे पहिले काही तास मोलाचे असतात. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरविली जाते. तक्रार लवकर पोचली तर ती मध्येच गोठविता येण्याचा संभव असतो. लाजेपोटी घालविलेला प्रत्येक तास चोराच्या पदरात पडतो. शिवाय आपण गप्प राहिलो, तर आपल्या नावाने गेलेली ती फाइल इतर पन्नास घरांत निश्चिंतपणे उघडली जाते. म्हणजे आपली अब्रू झाकण्यासाठी आपण दुसऱ्याचे घर उघडे टाकतो.

तेव्हा प्रसंग आलाच तर काय करावे, ते थोडक्यात सांगतो. प्रथम फोनचे इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून खाते, कार्ड व यूपीआय थांबवावे. त्याच वेळी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी; सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावरही ती नोंदविता येते. मग आप्तेष्टांस स्पष्ट कळवावे की, माझ्या नावाने आलेली फाइल उघडू नये. पुरावा म्हणून त्या संदेशाची चित्रे राखून ठेवावीत, आणि जाणकाराच्या मदतीने ते ॲप काढून फोन साफ करून घ्यावा. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणाऱ्यास आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे कायदा फसविल्या गेलेल्याच्या बाजूस उभा आहे. प्रश्न आपल्या समाजाचा आहे.

म्हणून मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवतो. एक, आपल्या ग्रुपवर पत्रिका पाठविणे ती केवळ चित्ररूपाने पाठवावी, आणि तीन अक्षरी एपीके फाइल कोणाच्याही नावाने आली तरी व्यवस्थापकांनी ती तत्काळ काढून टाकावी. दोन, आपल्या शिकलेल्या तरुणांनी सुटीच्या दिवशी घरोघरी वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांच्या फोनमध्ये अनोळखी ॲप बसविण्याची मुभा बंद करून द्यावी, व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा आकडा लावून द्यावा. आणि हे करताना आवाज चढवू नये. तीस-पस्तीस वर्षे मी वर्गात पाहिले आहे, की ज्या मुलाला चूक सांगितल्यावर मार बसतो, ते मूल चूक करणे थांबवीत नाही, चूक सांगणे थांबविते. वृद्धांचेही तसेच आहे. तीन, ज्याच्या घरी असा प्रसंग घडेल, त्याच्या घरी त्या दिवशी मंडळाचा एक तरी कार्यकर्ता जावा. आग लागलेल्या घरी आपण पाणी घेऊन धावतो; आग कोणी लावली, हे दुसऱ्या दिवशी विचारतो.

विश्वास हे आपल्या ज्ञातीचे भांडवल आहे. चोराच्या भयाने तो आपण सोडून द्यावा, असे मी मुळीच म्हणत नाही. फोनवर दिसणारे नाव पाहून थांबू नये, तर त्या नावाच्या माणसाशी दोन शब्द बोलावे, एवढेच माझे सांगणे आहे. या निमित्ताने आपण एकमेकांस अधिक वेळा फोन करू लागलो, प्रत्यक्ष आवाज ऐकू लागलो, तर त्यात आपले नुकसान काहीच नाही.