मोटरीचा डॅशबोर्ड उतरवितांना

डॅशबोर्ड हा शब्द मोटरीपेक्षां जुना आहे. घोड्याच्या टापांनीं उडालेला चिखल गाडींत बसणाऱ्यांच्या अंगावर येऊं नये म्हणून हांकणाऱ्यापुढें जी फळी ठोकीत, तिचें हें नांव. पुढें घोडा गेला, फळी राहिली, आणि तिच्यावर कांटे, कळा व दिवे येऊन बसले. मुळशीच्या पावसाळ्यांत ज्यांनीं गाडी हांकली आहे, त्यांना त्या मूळ फळीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

ह्या तालुक्यांत, ताम्हिणीच्या बाजूस तर विशेषच, पाऊस मुक्कामालाच येतो. अशा ठिकाणीं शेतघराच्या पडवींत वर्षानुवर्षें उभी असलेली जुनी फियाट वा पद्मिनी बाहेरून चकचकीत दिसली तरी आंतून पोखरलेली असते. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ह्या गाड्या बाहेर पडल्या. तेथून आतां नवा डॅशबोर्ड यावयाचा नाहीं. म्हणून जुन्याला जपणें आलें.

पुढच्या कांचेभोंवतींचें रबर कडक झालें कीं पाणी झिरपून थेट डॅशबोर्डाच्या मागें उतरतें. रबर न बदलतां नुसता रंग देणें म्हणजे गळक्या छपराखालीं भिंत सारविण्यासारखें आहे. ह्याशिवाय उंदीर! तारांवरील वेष्टण कुरतडण्याची त्यांना भारीच हौस.

काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीची, गाडीच्या अंगाला जोडलेली तार प्रथम काढावी. दुसरी तार आधीं सोडली व पाना चुकून लोखंडाला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. नंतर प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी व छायाचित्र घ्यावें. रंगावर विश्वासूं नये. चाळीस वर्षांच्या धुळीनें तांबडी व तपकिरी तार सारखीच दिसते. कित्येक जुन्या परदेशी गाड्यांत तेलाच्या दाबाच्या कांट्यापर्यंत बारीक नळीनें इंजिनचें खरें तेल येतें. फळी घाईनें ओढली कीं ही नळी मोडते, व पुढें इंजिन चालूं केल्यावर तेल पायांवर सांडतें.

वेगमापकाची गंमत निराळी. गिअरबॉक्सपासून आलेली लवचिक तार त्यांतील लोहचुंबक फिरविते. चुंबकाच्या ओढीनें जवळची धातूची वाटी वळूं पाहते, बारीक स्प्रिंग तिला अडविते, आणि त्या रस्सीखेचींतून कांटा वेग दाखवितो. तार सोडतांना ती दुमडूं नये, नाहींतर कांटा थरथरत राहतो. वेगमापक बदललाच, तर जुन्यावरील मैलांचा वा किलोमीटरचा आंकडा वहींत टिपून ठेवावा. गाडीच्या आयुष्याचा तेवढाच लेखी पुरावा असतो.

नवी चकचकीत फळी बसविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरलेला बरा. पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं वेगळ्या नोंदणीचे नियम केले, त्यांतही गाडी मूळ रूपांत असण्यावर भर आहे. गंजलेला पत्रा कापून जोडतां येतो. हरवलेला मिळत नाहीं.

शेवटचे स्क्रू आवळण्यापूर्वीं बॅटरी जोडून एकेक दिवा पाहावा. तेलाचा तांबडा दिवा असल्यास किल्ली फिरवितांच तो लागला पाहिजे व इंजिन सुरू होतांच विझला पाहिजे. तो मुळींच लागला नाहीं, तर गाडी पडवींतून बाहेर काढूं नये.