बोटाच्या टोकावरील आकडा



करोनाच्या साथीपूर्वी पल्स ऑक्सिमीटर हे उपकरण शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभाग यांच्याबाहेर क्वचितच दिसे. सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेतील पथके ते घेऊन घरोघर गेली आणि पाहता पाहता थर्मामीटरशेजारी त्याला जागा मिळाली. साथ ओसरली, उपकरण कपाटात राहिले. जीव घाबरला की ते बोटाला लावावे आणि 98 दिसले की निश्चिंत व्हावे, असा प्रघात पडला. तो कोठवर सुरक्षित आहे, हाच या व्याख्यानाचा विषय.

प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन लालभडक असते, रिते झालेले काळपट. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवून कोणता किती शोषला गेला, यावरून ऑक्सिमीटर टक्केवारी काढतो. पण त्वचा, हाड आणि नीलाही प्रकाश शोषतात. मग धमनीतले रक्त वेगळे ओळखायचे कसे? जपानी अभियंते ताकुओ आओयागी कानाच्या पाळीवर रक्तप्रवाहाचे मापन करीत असता नाडीचे ठोके त्यांचा आलेख बिघडवीत. त्या अडथळ्यातच उत्तर असल्याचे त्यांनी ओळखले: ठोक्यासरशी बदलणारा भाग तेवढा धमनीचा. 1974 मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली.

अर्थात हे गणित अनुमानाचे आहे. चांगल्या उपकरणाचा आकडाही धमनीतील रक्ताच्या तपासणीहून दोन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो. म्हणून 95 चे 94 झाले यावरून घाबरण्याचे कारण नाही, दिवसभरात 97 वरून 92 झाले तर मात्र आहे. गार पडलेली बोटे, नखांवरचा गडद रंग, थरथरणारा हात यांनीही आकडा फसतो. त्वचेचा वर्ण ही त्याहून गंभीर बाब. डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उपकरणाने 92 ते 96 दाखवले असता प्रत्यक्ष रक्तात 88 हून कमी आढळण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के, तर कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के होते. सावळ्या माणसांच्या आपल्या देशात हे विसरून चालणार नाही.

रक्तक्षयाची गोष्ट निराळी. उपकरण हिमोग्लोबिन किती भरले आहे ते सांगते, मुळात ते किती आहे हे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागणाऱ्या अशा गृहिणीच्या बोटावर 99 उमटते, आणि घरचे म्हणतात, ‘काही झालेले नाही.’

नवजात अर्भकाच्या उजव्या हाताचे व पायाचे आकडे ताडून हृदयातील गंभीर जन्मजात दोषाचा सुगावा लावणे, भुलेखालील रुग्णावर क्षणोक्षणी नजर ठेवणे, ही या उपकरणाची खरी थोरवी. ती मान्य करूनच पुढचे सांगावे लागते.

रणगाडे घडवणाऱ्या या आवडीत बंद जागेत चालू ठेवलेल्या इंजिनाचा धोका कोणाला समजावण्याची गरज नाही. तोच वायू, कार्बन मोनॉक्साइड, खिडकी नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गिझरमधून निघू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि असे रक्त लालच दिसते. दोन प्रकाशांच्या साध्या उपकरणाला हा भेद कळत नाही. माणूस गुदमरत असता ते 98 दाखवते. न्हाणीघरात कोणी भोवळ येऊन पडले, तर दार उघडून, गॅस बंद करून त्याला मोकळ्या हवेत आणावे, ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि गिझर चालू होता हे डॉक्टरांना आधी सांगावे. निदानासाठी रक्ताची को-ऑक्सिमीटरवर तपासणी करतात. प्राणवायू मात्र त्याआधीच, बोटावरचा आकडा कितीही असो, सुरू करायचा असतो.