कागद आपला साक्षीदार



आम्ही गावच्या शाळेत गुरुजी होतो. पुढे हेडमास्तर झालो. आता निवृत्त होऊन दिंडोशीला मुलाकडे राहतो. दिंडोशी हे मुंबईचे उपनगर. गोरेगाव आणि मालाडच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेला आहे. जवळच चित्रनगरी आहे. ती १९७७ साली सुरू झाली. तिथे सिनेमासाठी लाकडाची खोटी घरे, खोटे वाडे उभे करतात. पण ते उभे करणाऱ्या सुताराचा घाम खरा असतो.

असाच एक सुतार एका संध्याकाळी आमच्याकडे आला. तुमच्यासारखाच गावाकडचा माणूस. म्हणाला, "गुरुजी, साठ हजारांचं काम केलं. हातात अठ्ठेचाळीस हजार आले. बारा हजार गेले कुठं?" त्या पैशांतून मुलीची कॉलेजची फी भरायची होती.

आम्ही कागद पाहिले. ठेकेदाराने फसवले नव्हते. कायदा असा आहे की, एकट्या कारागिराने एवढे मोठे काम अंगावर घेतले, तर त्याच्या पैशांतून शेकडा १ रुपया प्राप्तिकर आधीच कापतात. साठ हजारांवर ६०० रुपये होतात. पण पॅन चालू नसेल, तर शेकडा २० कापतात. त्याचे झाले बारा हजार.

पॅन म्हणजे काय? प्राप्तिकर खाते आपल्याला दहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक देते, तो पॅन. तो आधारशी जोडावा लागतो. सुताराच्या पॅनवर नाव होते 'बाळू'. आधारवर होते 'बाळकृष्ण'. नावे जुळेनात, म्हणून पॅन बंद पडला होता.

'बाळू' आले कुठून? शाळेच्या दाखल्यावरून. हे पाहून आम्ही खाली मान घातली. आम्हीही शाळेत तसेच करत होतो. आई जे नाव सांगे, ते हजेरीत लिहीत होतो. जन्मतारीख माहीत नसली, की १ जून टाकत होतो. आम्हाला वाटे, एवढ्याने काय बिघडते? बघा, बिघडले!

पुढे त्याने पॅनवरचे नाव आधारप्रमाणे दुरुस्त केले. शुल्क भरून पॅन चालू केला. मग वर्षाच्या कमाईचा हिशेब, म्हणजे विवरणपत्र, भरले. त्याची कमाई कर लागण्याएवढी नव्हती. कापलेले पैसे बँकेच्या खात्यात परत आले. पण फीच्या वेळी त्याला व्याजाने पैसे काढावे लागले, ते व्याज परत आले नाही.

म्हणून आमचे सांगणे ऐका.

पहिले, सगळ्या कागदांवर नाव आणि जन्मतारीख एक आहे का, ते आज पाहा. नाव रीतसर बदलायचे असेल, तर ते महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून घेता येते.

दुसरे, एक फाईल करा. तिच्यात कामाची बिले, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचे पासबुक आणि कर कापल्याचा दाखला ठेवा. कर कापला, की दाखला मागून घ्या. लाजू नका. कराचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. म्हणून दर एप्रिलला नवे पाकीट घाला आणि वर वर्ष लिहा. जुनी पाकिटे सात-आठ वर्षे तरी जपा. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. तरी विकलेल्या मालाच्या पट्ट्या ठेवा. पैसा कुठून आला, ते त्या सांगतात.

तिसरे, नोकरीचा अर्ज. त्याला जोडायच्या माहितीच्या कागदाला शहरात बायोडेटा म्हणतात. तो एका पानाचा करा. वर नाव, पत्ता, मोबाईल नंबर. मग शिक्षण. मग कोणते काम, कुठे, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत केले ते. 'सर्व कामे येतात' असे लिहू नका. 'दारे-खिडक्या बसवतो, नकाशा पाहून माप काढतो' असे लिहा. सातवी पास असाल तर सातवीच लिहा. खोटे पुढे उघडे पडते. आधार-पॅनचे क्रमांक बायोडेट्यावर घालू नका. मूळ दाखला कुणाला देऊ नका; सही केलेली झेरॉक्स द्या. मोबाईलवर येणारा ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

मंडळी, पूर्वी अंगठा उठवताना कागदावर काय आहे, ते दुसरा सांगे. आता तुम्हाला वाचता येते. आज घरी गेलात, की ट्रंकेतले कागद काढा. प्रत्येकावरचे आपले नाव स्वतः वाचा. एक अक्षर जरी चुकले असले, तरी ते दुरुस्त करायला उद्याच निघा. आम्ही हजेरीत केलेली चूक तुमच्या मुलांना भोवू देऊ नका.