शौर्याला व्यवस्थेची जोड

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



बक्षीस समारंभात वक्त्याने मोठमोठ्या विजेत्यांची चरित्रे सांगावीत, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी आज ज्या खेळाडूची हकिकत सांगणार आहे, त्याला जागतिक विजेतेपद कधीच मिळाले नाही. त्याचे नाव मायकेल वॉटसन. इंग्लंडचा हा मुष्टियोद्धा. मुष्टियुद्ध म्हटले की आपल्या घराघरांतून मोहम्मद अलींचे नाव निघते आणि ते योग्यच आहे. पण पालकांनी आणि संस्था चालवणाऱ्यांनी वॉटसनचीही हकिकत ऐकावी, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

वॉटसनचा जन्म १९६५ साली लंडनच्या हॅक्ने भागात झाला. १९८४ साली तो व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरला. या खेळात वजनाप्रमाणे गट असतात. मिडलवेट गटाची मर्यादा १६० पौंड, म्हणजे सुमारे साडेबहात्तर किलो. त्याच्या वरचा सुपर-मिडलवेट गट १६८ पौंडांचा, म्हणजे सुमारे शहात्तर किलोंचा. वॉटसनची बहुतेक कारकीर्द मिडलवेट गटात गेली. त्याच काळात नायजेल बेन आणि ख्रिस यूबँक हे दोघे इंग्रज मुष्टियोद्धे गाजत होते.

२१ मे १९८९ रोजी लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये एका प्रचंड तंबूत वॉटसनची बेनशी गाठ पडली. बेन त्यापूर्वी बावीस लढती खेळला होता आणि बावीसही लढतींत त्याने प्रतिस्पर्ध्याला मुदतीआधीच गारद केले होते. वॉटसनने घाई केली नाही. दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून त्याने बेनचे ठोसे झेलले आणि त्याला दमू दिले. सहाव्या फेरीत त्याने बेनला खाली पाडले आणि लढत जिंकली. राष्ट्रकुल विजेतेपद त्याच्याकडे आले. मुलांनो, संयम म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, तर ही लढत आठवावी. पुढे एप्रिल १९९० मध्ये माइक मॅक्कलम या अनुभवी विजेत्याशी तो जागतिक विजेतेपदासाठी लढला आणि अकराव्या फेरीत हरला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्यातल्या तरुणांच्या उपयोगाची आहे. वॉटसनचा व्यवस्थापक आणि त्याच्या लढती भरवणारा ठेकेदार, ही एकच व्यक्ती होती. व्यवस्थापकाचे काम खेळाडूला जास्तीत जास्त मोबदला मिळवून देण्याचे, तर ठेकेदाराचा फायदा कमी मोबदला देण्यात. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असल्या, तर खेळाडूचे हित कोणी पाहायचे? वॉटसन न्यायालयात गेला. कराराचा नमुना ब्रिटिश मुष्टियुद्ध नियंत्रण मंडळाने ठरवून दिलेला होता, तरीसुद्धा तो करार खेळाडूच्या व्यवसायावर गैरवाजवी बंधन घालतो, असा निर्णय १९९१ साली लागला आणि वॉटसन मोकळा झाला. छापील नमुना आहे, सगळेच सही करतात, तेव्हा आपणही करावी, अशी आपली रीत असते. नोकरीचा कागद असो, परदेशी पाठवणाऱ्या दलालाचा असो की कर्जाचा असो, वाचल्याशिवाय आणि जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय सही करू नये. शिक्षणाचा हा अगदी पहिला उपयोग आहे.

जून १९९१ मध्ये वॉटसन यूबँकशी लढला. निकाल यूबँकच्या बाजूने लागला, पण तो अनेकांना पटला नाही. म्हणून तीनच महिन्यांनी, २१ सप्टेंबर १९९१ रोजी, लंडनच्या व्हाइट हार्ट लेन या फुटबॉलच्या मैदानावर दोघांची पुन्हा लढत ठरली. या वेळी गट सुपर-मिडलवेट होता आणि जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचे रिकामे असलेले विजेतेपद पणाला लागले होते.

वॉटसन त्या रात्री गुणांत पुढे होता. अकराव्या फेरीत त्याने यूबँकला खाली पाडले. यूबँक उठला आणि पुढच्याच क्षणी त्याने खालून वर मारलेला ठोसा वॉटसनला लागला. वॉटसन मागे कोसळला आणि त्याची मान रिंगच्या दोरावर आदळली. फेरी तेवढ्यात संपली. बाराव्या फेरीसाठी तो उभा राहिला, पण प्रतिकार करण्याची शक्ती त्याच्यात उरली नव्हती. पंचांनी लढत थांबवली. थोड्याच वेळात वॉटसन रिंगमध्येच बेशुद्ध झाला.

पालकहो, यापुढचे नीट ऐकावे. डोक्याला जबर मार बसला, की कवटीच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. कवटी हाडाची, ती ताणली जात नाही. साचलेल्या रक्ताचा दाब मेंदूवर पडतो, मेंदू सुजतो, त्याला प्राणवायू कमी पडतो. म्हणजे पहिली इजा ठोशाने होते आणि दुसरी इजा पुढच्या मिनिटांत होत जाते. पहिली इजा कोणी परत घेऊ शकत नाही. दुसरी मात्र पुष्कळ अंशी टाळता येते. त्यासाठी श्वासनलिकेत नळी घालून प्राणवायू द्यावा लागतो, सूज उतरवणारे औषध द्यावे लागते आणि मेंदूची शस्त्रक्रिया होते अशा इस्पितळात रोग्याला त्वरित न्यावे लागते. ही उपचारपद्धती १९९१ साली नवी नव्हती. डॉक्टरांना ती माहीत होती.

त्या रात्री मैदानावर हजारो प्रेक्षक होते, दूरदर्शनचे कॅमेरे होते. मंडळाच्या नियमाप्रमाणे डॉक्टरही हजर होते. पण वॉटसनपर्यंत डॉक्टर पोचेपर्यंत सात-आठ मिनिटे गेली. रिंगपाशी प्राणवायू देऊन श्वास चालू ठेवण्याची सोय नव्हती. हा उपचार त्याला मिळेपर्यंत सुमारे अर्धा तास उलटला. ज्या इस्पितळात त्याला प्रथम नेले, तेथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग नव्हता. तेथून त्याला सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात हलवावे लागले. पीटर हॅमलिन या मेंदूच्या शल्यविशारदाने तेथे त्याच्यावर शस्त्रक्रिया केल्या. एकूण सहा शस्त्रक्रिया झाल्या. चाळीस दिवस वॉटसन बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हते, चालता येत नव्हते. पुढची कित्येक वर्षे चाकांच्या खुर्चीत गेली. खुद्द मोहम्मद अली त्याला भेटायला इस्पितळात आले होते.

आता दोष कोणाचा? यूबँकचा म्हणावा, तर तो नियमाप्रमाणे लढला. त्या रात्रीचे ओझे त्याच्याही मनावर राहिले. वॉटसनचा म्हणावा, तर धोका पत्करून तो रिंगमध्ये उतरला हे खरे. पुष्कळजण येथेच थांबतात आणि नशीब म्हणून सोडून देतात. वॉटसनने तसे केले नाही. त्याने खेळाचे नियम करणाऱ्या नियंत्रण मंडळावरच दावा लावला.

मंडळाची बाजू अगदीच लंगडी होती असे नाही. लढत आम्ही भरवली नव्हती, आम्ही फक्त नियम करतो, असे त्याचे म्हणणे होते. मंडळ नफ्यासाठी चालत नव्हते, त्याची शिल्लक बेताची होती आणि असल्या दाव्यासाठी विमाही नव्हता. आपल्या कितीतरी संस्थांची हीच परिस्थिती असते. तरीही सप्टेंबर १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने वॉटसनच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २००० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. लॉर्ड फिलिप्स यांनी दिलेल्या त्या निकालाचा आशय थोडक्यात असा : रिंगपाशी कोणती वैद्यकीय व्यवस्था असावी, हे मंडळ ठरवत होते. खेळाडू त्या जाणकारीवर विसंबून होते. मार खाण्याचा धोका वॉटसनने पत्करला होता, पण मार बसल्यावर उपचार वेळेवर मिळणार नाहीत, हा धोका त्याने पत्करला नव्हता. म्हणून काळजी घेण्याची जबाबदारी मंडळावर होती आणि ती पार पाडली गेली नाही.

नुकसानभरपाईची रक्कम दहा लाख पौंडांच्या घरात जाईल, असा अंदाज होता. मंडळाला तेवढे देणे शक्य नव्हते. लंडनमधील मुख्यालय विकण्याची पाळी त्याच्यावर आली. शेवटी २००१ साली चार लाख पौंडांवर तडजोड झाली. वॉटसनच्या वाट्याला हक्काच्या रकमेपेक्षा पुष्कळ कमी आले. ज्या संस्थेने वेळीच थोडा खर्च केला नाही, तिची ही अवस्था झाली.

पण या दुर्दैवातून इतरांचा फायदा झाला. ब्रिटनमध्ये लढतीच्या ठिकाणी प्राणवायू, प्रशिक्षित माणसे आणि रुग्णवाहिका यांची सोय सक्तीची झाली, जवळचे योग्य इस्पितळ आधी ठरवले जाऊ लागले. १९९५ साली लंडनमध्ये नायजेल बेनशी लढताना जेराल्ड मॅक्लेलन हा अमेरिकन मुष्टियोद्धा कोसळला. त्याला ताबडतोब उपचार मिळाले आणि त्याचा जीव वाचला. दृष्टी मात्र गेली आणि तो कायमचा परावलंबी झाला. डिसेंबर २००० मध्ये शेफील्ड येथे पॉल इंगल बेशुद्ध झाला, तोही त्वरित उपचारांमुळे वाचला. तेव्हा व्यवस्था चांगली असली की खेळ निर्धोक होतो, असा समज कोणी करून घेऊ नये. डोक्यावर ठोसे मारण्याच्या खेळात धोका उरतोच, आणि मुलाला त्यात घालायचे की नाही, हे पालकांनी तो धोका जाणूनच ठरवावे.

वॉटसनची हकिकत न्यायालयात संपत नाही. एप्रिल २००३ मध्ये त्याने लंडन मॅरेथॉनमध्ये भाग घेतला. सव्वीस मैलांचे ते अंतर चांगले धावपटू दोन-सव्वादोन तासांत तोडतात. वॉटसनला सहा दिवसांहून अधिक लागले. सकाळी काही तास, दुपारी काही तास, असे पाऊल पाऊल टाकत तो चालला. मेंदू व मणक्याच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला त्याने निधी मिळवून दिला. शेवटच्या टप्प्यात त्याच्या एका बाजूला शस्त्रक्रिया करणारे हॅमलिन होते आणि दुसऱ्या बाजूला यूबँक होता. २००४ साली ब्रिटिश सरकारने त्याला एम.बी.ई. हा किताब दिला. तीस लढती, पंचवीस विजय, चार पराजय आणि एक बरोबरी, एवढीच नोंद त्याच्या नावे खेळाच्या वहीत आहे. मला ती अपुरी वाटते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या मुलांत धाडसाची वाण नाही. कबड्डी असो, कुस्ती असो, फुटबॉल असो, आपली मुले जीव तोडून खेळतात. वाण असते ती व्यवस्थेची. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की संस्थेकडे खेळाची मागणी करताना चार प्रश्न जरूर विचारा. मैदानावर प्रथमोपचार जाणणारा माणूस कोण? डॉक्टर किती वेळात येईल? वाहन तयार आहे का? आणि मूल बेशुद्ध झाले, तर नेमके कोणत्या इस्पितळात न्यायचे? पदाधिकाऱ्यांनी या प्रश्नांचा राग मानू नये. पैसा थोडा आहे, ही सबब इंग्लंडच्या न्यायालयाने मानली नाही, आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीनेही ती मानू नये. यातील बऱ्याच गोष्टींना पैसा लागतही नाही, आधी विचार करावा लागतो.

आणि मुलांनो, त्या रात्री वॉटसनचा जीव एका शिकलेल्या माणसाच्या हातांनी वाचवला, आणि पुढे त्याला न्याय मिळाला तो कायदा जाणणाऱ्या वकिलांमुळे. तुमच्यातून चांगले खेळाडू व्हावेत, तसेच मैदानाच्या कडेला उभे राहणारे डॉक्टर, परिचारिका आणि वकीलही व्हावेत. डोक्याला मार लागला आणि गरगरले, उलटी झाली, तर ते लपवू नका. शिक्षकांना आणि घरी सांगा. असे सांगण्यात भित्रेपणा नाही.